भरताचं परत वांगं होत नाही

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. नवीन घराचं काम उरकलं, हॉलमध्ये मायचा म्हणजे माझ्या आजीचा एक मोठा फोटो लावायचाय, तू एवढा लोकांच्या लग्नात कॅमेरा घेऊन पळत असतो तर घरच्या माणसाचा एक फोटो करून दे ना भो. मी म्हटलं हे काय काम आहे का, आजीचा एक नंबर फोटो आहे माझ्याकडे, २०१३ चा, आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाचा. आजी ओट्यावर बसलेली, जरीचं लुगडं, नाकात नथ, एका बाजूने सकाळचा उजेड, मागे दारात कानबाईची तयारी चाललेली, असा फोटो की कॅमेरा नवीन असताना चुकून निघतो आणि पुढे दहा वर्षं ठरवूनही निघत नाही. रात्री जेवण झाल्यावर जुनी हार्ड डिस्क लावली, फोल्डर शोधलं, फाइल उघडली.

आठशे बाय आठशे पिक्सेल. एकशे चाळीस केबी.

मग सगळं आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. त्या वर्षी मी सेकंडहँड डीएसएलआर घेतलेला, अमळनेरला एका मित्राकडून एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकून आलेलो, आणि आजीचा तो फोटो प्रोफाइल पिक्चरला टाकायचा म्हणून चौकोनी कापला. त्यात आजीचा एक हात गेला, मागचं कानबाईचं दार गेलं. मग चेहऱ्यावर ते स्किन स्मूथ का काय असतं ते फिरवलं, कडेने काळी सावली मारली, वरून केशरी रंग चढवला आणि कोपऱ्यात वळणदार अक्षरात माझं नाव टाकून खाली फोटोग्राफी असं लिहिलं. सेव्ह करताना त्याने विचारलं की या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का. मी म्हटलं हो. मेमरी कार्ड चार जीबीचं एकच होतं, पुढच्या आठवड्यात ते फॉरमॅट झालं. संपला विषय.

तेव्हा मी तो फोटो मोठ्या कौतुकाने मोबाइलवर आजीला दाखवलेला. तिने मोबाइल लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, "हाई मी नही रे भाऊ, हाई दुसरीच कोनी शे." आम्ही सगळे हसलो. तिचं बरोबर होतं, तिच्या कपाळावरच्या आठ्या मी पुसून टाकलेल्या.

आता आत्याला हवा बारा बाय अठराचा फोटो. आठशे पिक्सेल बारा इंचावर पसरले तर इंचाला सदुसष्ट येतात, चांगल्या प्रिंटला तीनशे लागतात, गेला बाजार दोनशे तरी पाहिजेत. आणि नुसत्या साइजचा प्रश्न असता तर काहीतरी जुगाड केलाही असता, पण त्या आठ्या कुठून आणायच्या, तो कापलेला हात कुठून आणायचा.

आपल्याकडे भरीत कसं करतात ते सांगायला नको. हिरवं-पांढरं मोठं वांगं, कापसाच्या काड्यांवर भाजायचं, साल काढून ठेचायचं, मिरची लसूण शेंगदाणे कांद्याची पात, झालं. लै भारी लागतं. पण पाहुण्याने ऐनवेळी सांगितलं की मला भरीत नको, भरलेलं वांगं चालेल, तर त्या भरताचं परत वांगं करता येत नाही. कच्चं वांगं टोपलीत शिल्लक असेल तर काय वाट्टेल ते करा. जेपेग, म्हणजे आपण रोज मोबाइलवर पाठवतो ती साधी फोटो फाइल, हे भरीत. कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने भाजून, ठेचून, मीठ-तिखट घालून दिलेलं. आणि त्यावर परत परत एडिट करून त्याच नावाने सेव्ह करत राहणं म्हणजे तेच भरीत रोज गरम करणं. जेपेगमध्ये फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडतात आणि डोळ्याला फारसे जाणवणार नाहीत असे बारकावे फेकून देतात, बदल करून पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा फेकाफेक. एकदोनदा काही दिसत नाही, आठदहा वेळेस केलं की आभाळात चौकोन दिसायला लागतात, गालावर डाग पडल्यासारखं वाटतं.

रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवता तशीच ठेवलेली कच्ची फाइल, हे टोपलीतलं वांगं. मी रॉवर आलो २०१५ मध्ये आणि तेही काही ज्ञानप्राप्ती झाली म्हणून नाही, बत्तीस जीबीचं कार्ड स्वस्तात मिळालं म्हणून. पहिल्या दिवशी तर वाटलं कॅमेरा बिघडला. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो झकास, कॉम्प्युटरवर उघडला की क्षणभर तसाच झकास दिसतो आणि मग डोळ्यांदेखत त्याचा रंग उडतो, मळकट, मेलेला दिसायला लागतो. मी दोन वेळा केबल बदलली. खूप नंतर कळलं की रॉ फाइलच्या पोटात एक छोटा जेपेग ठेवलेला असतो, स्क्रीनवर दिसतो तो तोच, कॅमेऱ्याचा मेकअप केलेला. सॉफ्टवेअर आधी तो दाखवतं आणि मग मागून खरा माल उघडतं.

आणि खरा माल फोटो नसतोच मुळी. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरच्या एका ठिपक्याला एकच रंग दिसतो, लाल किंवा हिरवा किंवा निळा, निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयरची, १९७६ चं पेटंट, आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच. म्हणजे चोवीस मेगापिक्सेलच्या रॉमध्ये प्रत्येक ठिपक्याला दोन रंग माहीतच नसतात, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरावे लागतात, आणि हे काम जेपेग काढताना कॅमेरा करतो किंवा रॉ असेल तर आपल्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर करतं. त्यात जेपेगला एका रंगाच्या दोनशे छप्पन्न पायऱ्या आणि माझ्या कॅमेऱ्याच्या चौदा बिटच्या रॉला सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. ट्यूबलाइटच्या उजेडात कॅमेऱ्याचा अंदाज चुकला आणि नवरदेव हिरवा आला तर जेपेगमध्ये तो हिरवेपणा मुरलेला असतो, हळद लावलेल्या अंगावर हिरवा रंग म्हणजे काय दिसतं ते ज्याने काढलं त्यालाच माहीत. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, हा नुसता कागदावर लिहिलेला निरोप असतो, की बाबा लालला एवढ्याने गुणा आणि निळ्याला एवढ्याने. निरोप बदलला की नवरदेव परत माणसात.

पण मला जे सांगायचंय ते रॉबद्दल कमी आणि त्या निरोपाबद्दल जास्त आहे. रॉ एडिटरमध्ये तुम्ही स्लायडर ओढता तेव्हा मूळ फाइलला काहीच होत नाही. शून्य. एक बाइटसुद्धा हलत नाही. सॉफ्टवेअर नुसतं लिहून ठेवतं की याने एक्स्पोजर म्हणजे उजळपणा एवढा वाढवला, इथून कापला, सावल्या एवढ्या उचलल्या, आणि पुढच्या वेळेस फाइल उघडली की मूळ मालावर ती सगळी कृती पहिल्यापासून करून दाखवतं. आपण स्क्रीनवर पाहतो ते दर वेळेस ताजं शिजवलेलं असतं. जेपेग काढायचा म्हणजे एक ताट वाढून बाहेर पाठवायचं.

हे मला खरं कळलं ते एका रात्री लोडशेडिंगच्या आधी घाईघाईत चुकीच्या फाइलवर डबल क्लिक झालं तेव्हा. मी तेव्हा रॉथेरपी नावाचं रॉ एडिटर वापरायचो, फुकट आहे म्हणून, आणि त्याची पद्धत अशी की प्रत्येक रॉच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी पीपी३ लागलेली एक चिंटुकली फाइल तयार होते. ती नोटपॅडमध्ये उघडली. साधा मजकूर. व्हाइट बॅलन्स असं चौकटी कंसात लिहिलेलं, त्याखाली टेंपरेचर बरोबर ३१५०. एक्स्पोजर, त्याखाली कॉम्पेन्सेशन बरोबर ०.८५. क्रॉपचे चार आकडे. मी गंमत म्हणून ०.८५ चं १.८५ केलं, सेव्ह केलं, रॉथेरपी परत उघडलं आणि फोटो उजळून निघालेला. मी तर फोटोला हातही लावला नव्हता! बारा केबीच्या चिठ्ठीत एक आकडा बदलला होता फक्त. सोनाराने दागिन्याला हात न लावता नुसती पावती खोडून दागिना बदलावा तसं वाटलं.

अजून एक गोष्ट पचायला वेळ लागला. फोटोशॉपसारख्या ठिकाणी थर न ठेवता थेट पिक्सेलवर काम केलं तर आधी शार्प आणि मग उजळ, किंवा आधी उजळ आणि मग शार्प, याने फरक पडतो, कारण प्रत्येक पायरीला पिक्सेल खरोखर बदललेले असतात. इथे तुम्ही स्लायडर कुठल्या क्रमाने ओढले याला विचारतो कोण, सॉफ्टवेअर स्वतःच्या ठरलेल्या क्रमानेच सगळं करतं. तुम्ही किराणा कुठल्याही क्रमाने आणून द्या, फोडणी आधीच पडणार. त्यामुळे तीन तास घोळ घालून शेवटी व्हाइट बॅलन्स सुधारला तरी तो पहिल्यापासून बरोबर असल्यासारखाच लागतो. आळशी माणसाला यासारखं सुख नाही.

लोक म्हणतात रॉ म्हणजे डिजिटल निगेटिव्ह. फोटोशॉपवाल्या अडोबीने २००४ मध्ये आपल्या रॉ फॉरमॅटचं नावच डीएनजी म्हणजे डिजिटल निगेटिव्ह ठेवलं, तर ही तुलना आता पुसली जायची नाही. पण मला ती फारशी पटत नाही. आमच्या गावाजवळच्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे मी लहानपणी जाऊन बसायचो, ते लग्न ठरायच्या पोरींच्या फोटोच्या निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलने खरडायचे. निगेटिव्हवर पेन्सिल लावली की प्रिंटमध्ये ती जागा उजळ येते, म्हणजे डोळ्याखालची काळी वर्तुळं, वांग, देवीचे व्रण सगळं हलकं. भिंगातून बघत, श्वास रोखून. हात चुकला की निगेटिव्ह गेली. शिवाय बुरशी, ओरखडे, पावसाळ्याची ओल. निगेटिव्हला सगळे हात लावायचे हो, तिच्याइतकी सोसलेली वस्तू नाही. रॉशी खरं नातं आहे ते काकांच्या निगेटिव्हचं नाही, काकांच्या पाकिटाचं. प्रत्येक निगेटिव्हच्या खाकी पाकिटावर ते पेन्सिलने लिहायचे, एवढे सेकंद, डावीकडे दोन सेकंद जास्त, अमुक कागद. सहा महिन्यांनी कोणी दोन कॉप्या अजून मागितल्या तर पाकीट वाचायचे आणि तसाच प्रिंट काढायचे. पीपी३ म्हणजे ते पाकीट.

चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आता संग्रहालय आहे, कोणी गेलं नसेल तर जा, स्टेशनपासून जवळ आहे. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून ते अख्खा देखावा उभा करायचे आणि त्याचा फोटो काढायचे, टेबल टॉप फोटोग्राफी. मी तिथून निघालो तेव्हा दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावायची इच्छा झाली नाही. त्या माणसाने अर्धं काम बटण दाबायच्या आधी केलेलं, आणि आपण म्हणतो जाऊ दे, रॉ आहे, नंतर बघू.

कारण नंतर सगळंच बघता येत नाही. हे नंदुरबारकडच्या काठीच्या होळीने शिकवलं. अक्कलकुव्याच्या पुढे सातपुड्यात काठी, तिथली राजवाडी होळी, रात्रभर ढोल, बावा-बुध्या बनून नाचणाऱ्यांचे घोळके, अंगभर राखेची नक्षी, कमरेला घुंगरू आणि सुकलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, आणि होळी पेटते पहाटे. म्हणजे रात्रभर तुम्ही अंधारात फोटो काढून काढून कॅमेरा अंधाराला सेट केलेला असतो आणि अचानक समोर आग. पहिल्या वर्षी मी नाचणाऱ्यांचे चेहरे दिसावेत म्हणून एक्स्पोजर चढं ठेवलं, आग पांढरी दिसत होती स्क्रीनवर, पण मनात तेच, रॉ आहे. घरी येऊन हायलाइटचा म्हणजे उजळ भागांचा स्लायडर खाली ओढला. पांढरा गोळा करडा झाला. अजून ओढला, अजून करडा. ज्वाळा नाहीच तिथे. सेन्सरचा ठिपका एकदा काठोकाठ भरला की वरचं सगळं सांडून जातं, मग पुढे किती उजेड होता ते कोणालाच माहीत नाही, आणि आगीत लालचं भांडं सगळ्यात आधी भरतं. एखादा रंग वाचला असेल तर सॉफ्टवेअर त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतं, तिन्ही गेले तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार. त्यातून कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा आलेख त्या मेकअपवाल्या जेपेगचा असतो, तो रॉबद्दल पूर्ण खरं बोलत नाही.

दुसऱ्या वर्षी दोन स्टॉप कमी, म्हणजे पाव उजेडावर ठेवून काढले. स्क्रीनवर नुसता काळोख आणि मध्ये आग. शेजारचा एक फोटोवाला डोकावून म्हणाला, काय भो, लेन्सची कॅप काढली का? घरी येऊन सावल्या उचलल्या, राखेच्या नक्षीतले बोटांचे ठसे दिसायला लागले आणि ज्वाळेला तिची टोकं होती. थोडा नॉइज म्हणजे दाणेदारपणा आला, येऊ दे.

जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगाचं मात्र उलटं. पूर्ण फ्रेम पांढरी दिसली की कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड झाला, तो ढीग करडा करून ठेवतो, तिथे चढंच ठेवायला लागतं. असो, त्यावर कधी वेगळं लिहीन.

आता माझी दुसरी मोठी चूक. २०१८ मध्ये मला शिस्तीचा झटका आला. सगळ्या फाइलींची नावं कॅमेऱ्याने दिलेली, डीएससी अमुक तमुक, तर एक नाव बदलायचं टूल घेऊन सगळ्या रॉना तारीख आणि गावाचं नाव दिलं. पारोळा, धरणगाव, एरंडोल, चोपडा, सगळी लग्नं रांगेत. फार समाधान वाटलं. मग रॉथेरपी उघडलं तर तीन वर्षांचं सगळं एडिटिंग गायब, सगळे फोटो मळकट, जसे कॅमेऱ्यातून आले तसे. मी टूलला फक्त रॉ निवडून दिल्या होत्या, पीपी३ फाइली जुन्याच नावाने शेजारी बसून राहिल्या होत्या, कोणाची चिठ्ठी कोणाची काही कळेना. आणि वरून डिस्कवरची जागा वाढवायची म्हणून बिनकामाच्या छोट्या फाइली समजून अर्ध्या आधीच उडवलेल्या. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. बायको म्हणे फोटो आहेत ना, मग रडतोस काय. तिचं ऐकून घ्यावं लागलं, कारण खरंच होतं, वांगी शाबूत होती, मसाल्याची चिठ्ठी गेली होती. आजीच्या फोटोच्या वेळेस उलटं झालेलं. दोन्हींत कुठलं नुकसान परवडतं ते सांगायला नको.

तेव्हापासून नाव बदलणं, फोल्डर हलवणं जे काय करायचं ते एडिटरच्या आतूनच करतो, फाइल एक्स्प्लोररमधून नाही, म्हणजे चिठ्ठी बरोबर जाते. अडोबीचं लाइटरूम वापरणाऱ्यांची भानगड थोडी वेगळी, त्यांचं सगळं एका कॅटलॉगच्या डाटाबेसमध्ये असतं आणि शेजारी एक्सएमपी फाइल, म्हणजे त्यांची चिठ्ठी, लिहायची सेटिंग आपणहून चालू करावी लागते. माझ्या ओळखीत एकाने लॅपटॉप फॉरमॅट केला, रॉ सगळ्या बाहेरच्या डिस्कवर सुखरूप, कॅटलॉग सी ड्राइव्हवर. तुम्हीच समजून घ्या.

आणि बॅकअपचं एक गणित जे मी सगळ्यांना सांगत फिरतो. एका लग्नाच्या अडीच हजार रॉ, एक पंचवीस एमबीची धरली तर बासष्ट जीबी. त्याच लग्नाच्या अडीच हजार चिठ्ठ्या, एक दहा केबीची धरली तर पंचवीस एमबी. म्हणजे पंधरा रात्री जागून केलेलं अख्ख्या लग्नाचं एडिटिंग एका रॉ फाइलएवढं! रॉ दोन डिस्कवर ठेवतो, चिठ्ठ्या झिप करून इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर टाकतो, मोबाइलच्या डाटावरसुद्धा जातात.

गिऱ्हाइकांचं मात्र वेगळंच असतं. हल्ली कोणाला तरी कोणीतरी सांगितलेलं असतं की फोटोवाल्याकडून रॉ डाटा मागून घ्या. मग नवरदेवाचा भाऊ हार्ड डिस्क घेऊन येतो, मी देतो, आणि रात्री फोन, दादा एकही फोटो उघडत नाही, तुम्ही लॉक केले का?

नंतर मी डार्कटेबल नावाच्या दुसऱ्या रॉ एडिटरवर गेलो. ते विंडोजवर आलं २०१७ च्या डिसेंबरात, त्याआधी लिनक्स नि मॅकवाल्यांचीच मजा होती. शिकायला अवघड आहे, खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मॉड्यूलांची नावं वाचूनच घाम येतो, आणि जुने पीपी३ त्याला वाचता येत नाहीत, याच्या चिठ्ठीची भाषा त्याला कळत नाही. लाइटरूमच्या चिठ्ठीतलं थोडंफार कळतं, क्रॉप, एक्स्पोजर वगैरे, बाकी सोडून देतं. म्हणून एडिट पूर्ण झालं की चांगल्या फोटोंचा एक पूर्ण साइजचा जेपेग काढून वेगळा ठेवायचाच, सॉफ्टवेअर उद्या असेल नसेल. पण डार्कटेबलमधलं डुप्लिकेट मला फार आवडतं. एका रॉच्या दोन, तीन, कितीही चिठ्ठ्या. एक रंगीत, एक काळा-पांढरा, एक गिऱ्हाइकाला आवडणारा गोरा गोमटा, एक मला आवडणारा. मूळ फाइल एकच, जागा तेवढीच.

तर आत्याचा फोटो.

२०१३ चा गेला हे मान्य केल्यावर मी नंतरच्या वर्षांची फोल्डरं चाळायला बसलो. २०१६ च्या कानबाईचं एक फोल्डर सापडलं, तोवर मी रॉवर आलेलो. नव्वद फोटो, त्यातले पंधरा निवडून एडिट केलेले, बाकीच्यांवर नापासचा शिक्का मारलेला, डिलीट केले नाहीत ते केवळ कंटाळ्यामुळे. त्या नापासांत एक जवळजवळ काळी फ्रेम. एका वायरला लटकणारा पिवळा बल्ब आणि खाली काहीतरी आकृती. बल्ब फ्रेममध्ये आल्यामुळे कॅमेरा दिपला आणि त्याने बाकी सगळं अंधारात ढकललं. एक्स्पोजर वर घेतलं, एक, दीड, दोन, दोन पूर्णांक चार. म्हणजे मूळ उजेडाच्या पाचपट. आणि अंधारातून आजी बाहेर आली.

स्वयंपाकघरात बसलेली, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळतेय, परातीत दोन्ही हात, कोपरापर्यंत पीठ. कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, बाजूला कोणाला तरी रागावतेय, तोंड अर्धवट उघडं. बहुतेक मलाच, की सोवळ्यात पायताण घालून कुठे येतोस. कपाळावरच्या आठ्या सगळ्या जागच्या जागी. बल्बचा पिवळा उजेड एका गालावर आणि खिडकीतून येणारा संध्याकाळचा निळा दुसऱ्या गालावर, दोन्हींचा मेळ बसवायला वेळ लागला, बल्बकडच्या बाजूला टेंपरेचर २९५० धरलं, खिडकीकडे मास्क लावून वेगळं, आणि थोडा निळा मुद्दाम राहू दिला. नॉइज भरपूर होता, तीन हजार दोनशे आयएसओ आणि त्यावर एवढं उचललेलं, तर डार्कटेबलमध्ये तुमच्या कॅमेऱ्याच्या मापाचं डीनॉइज असतं ते लावलं, पण पूर्ण नाही, लुगड्याचं सूत दिसलं पाहिजे एवढंच. बल्ब पांढरा तो पांढराच, तो कधीच सांडून गेलेला, त्याचं काही वाटलं नाही. हा फोटो मी २०१६ मध्ये दोन सेकंद बघून नापास केलेला. तेव्हा आजी समोर होती, फोटोची काय किंमत.

आजी २०१९ ला गेली.

जळगावला लॅबमध्ये प्रिंटला दिला, तिथल्या पोराला बजावून सांगितलं की ऑटो करेक्शन मारू नको. तो म्हणे दादा जरा डार्क वाटतोय, चेहरा थोडा उठवू का, स्मूथ करू का. मी म्हटलं बाबा, पाया पडतो, हात नको लावू.

आत्याकडे घेऊन गेलो. तिने बराच वेळ बघितला, पदराने काचेवरची धूळ पुसली, धूळ नव्हती. मग म्हणाली परात तीच आहे रे, अजून आहे माझ्याकडे. मग परत थोडा वेळ बघून म्हणाली सगळं चांगलं आहे, फक्त ती बल्बची वायर मायच्या डोक्यावरून लोंबतेय ती चांगली नाही वाटत, हॉलमध्ये लावायचाय, लोक काय म्हणतील, घरात धड लाइट नव्हते का? काढता येते का ती?

मला ती वायर आवडते. त्या घराची तीच ओळख होती, त्या बल्बखाली मी दहावीचा अभ्यास केला. पण आत्यापुढे कोण बोलणार. घरी येऊन डुप्लिकेट काढलं, दुसऱ्या चिठ्ठीत रिटचने वायर पुसली, बल्बसकट, भिंत सपाट केली, वीस मिनिटांचं काम. परत जळगावला चक्कर, परत दुसरी प्रिंट, परत पैसे, ते आत्या देत होती मी घेतले नाहीत.

बिनवायरची आत्याच्या हॉलमध्ये लागली. वायरवाली माझ्या टेबलासमोर. आता काकू विचारतेय की तिच्यासाठी काळा-पांढरा होईल का.